तुझ्या डिग्रीची शपथ

बशीरचाचा गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी राग आला. रडू नंतर आलं, तेही बसस्टॉपवर, चारचौघांत... पण पहिला आला तो रागच. आमचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि फोन दप्तरात होता. बाहेर येऊन पाहिलं तर चाचीचे अकरा मिस्ड कॉल. चाची मला कधी फोन करत नाही. काही सांगायचं असलं की जिन्याखाली उभी राहून वरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारते. मी व्हरांड्यातच थांबलो आणि मनात म्हणालो, "सांगत होतो ना तुम्हाला, दाखवून घ्या म्हणून." आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की मी त्यांना सांगत होतो, पण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. चाचांच्या छातीत दुखतं हे मला आठ महिने माहीत होतं. मी कुणाजवळ बोललो नाही. चाचांना जाऊन आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. मी प्रयत्न करतो, पण मध्येमध्ये माझी चिडचिड होईल. ती सांभाळून घ्यावी.

मी मेढ्याजवळच्या एका वाडीतला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.एस्सी.साठी सांगलीत आलो तेव्हा विश्रामबागेत चाचांच्या दुकानावरची एक खोली मिळाली. चाचा मोटारसायकलची सीट शिवायचे. जुनं कव्हर उसवायचं, आतला फोम काढायचा, बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे तो पुन्हा कापायचा आणि वर रेक्झिन ताणून शिवायचं. लांबच्या प्रवासाला निघणारी मुलं पार पुण्याहून त्यांच्याकडे यायची. गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला गाडीवर बसवायचे, हातात शिवणकामाचा खडू घ्यायचे आणि विचारायचे, "कुठं दुखतंय?" माणसं लाजायची. "काही नाही, तसं ठीक आहे," म्हणायची. मग चाचा तडकायचे. "ठीक हाय तर हितं कशाला आलायस? चहाला?" माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं आणि मला "कॉलेज" म्हणायला सुरुवात केली. "ए कॉलेज, खाली ये, जरा बसून दाखव." माझा अभ्यास चालू असो, आंघोळ चालू असो, खाली जावंच लागायचं. माझ्या अंगावर मांस नाही, म्हणून मी त्यांच्या कामाचा होतो. "तुझ्या हाडाला जे टोचत न्हाई, ते कुणालाच टोचत न्हाई," हे ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगायचे. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. साताऱ्याचा एक तरुण हिमाचलात, स्पितीच्या खोऱ्यात जाऊन आला. परतल्यावर तो थेट दुकानात आला आणि म्हणाला, "चाचा, राग मानू नका, पण तिसऱ्या दिवसापासनं मी उभा राहून गाडी चालवली. डांबर हाय तवर तुमची सीट सोनं हाय. खडी लागली की नुसती शिक्षा." चाचांनी त्याला चहा पाजला, हसून निरोप दिला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तीस वर्षं ते डोंगरात जाणाऱ्यांच्या सीट शिवत होते आणि स्वतः गाडीवरून साताऱ्याच्या पुढे कधी गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी जिन्याखालून हाक आली, "कॉलेज, परीक्षा कवा सपती तुझी?" मी तारीख सांगितली. "मग आपून स्पितीला जातोय. तू अर्धा रस्ता पुढं, अर्धा रस्ता मागं. दोन्ही जागा तपासायच्या हायत." मला नकार द्यायला जमत नाही, हा माझा जुना दोष. चाची म्हणाली, "जावा, दोघंबी जावा. पंधरा दिवस निदान डाळीत फोमचा भुगा तरी निघणार न्हाई." मी घरी फोन केला. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "बशीरभाई संगं हायत न्हवं? मग जा."

मिरजेहून रेल्वेनं गाडी दिल्लीला पाठवली, मागोमाग आम्ही गेलो, आणि तिथून सिमल्याच्या रस्त्याला लागलो. चाचांची गाडी साडेतीनशे सीसीची, जुनी, आवाजाची. नियम असा होता की घड्याळ लावून दर तासाला थांबायचं, दोघांनी उतरायचं आणि जिथे दुखत असेल तिथे सीटवर खडूनं गोल काढायचा. पुढचा चालवणारा आणि मागचा बसणारा यांच्या जागा बदलायच्या. मग चाचा अंगठ्यानं फोम दाबून बघायचे, वहीत काहीतरी लिहायचे, पुन्हा दाबायचे. यात वीस मिनिटं जायची. मी आयुष्यात पहिल्यांदा असले डोंगर बघत होतो. आमच्या जावळीचे डोंगर मला उंच वाटायचे... तिथे सतलज नदी इतकी खाली वाहत होती की तिचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता. पलीकडच्या कड्यावर बर्फ होतं. मी म्हणालो, "चाचा, वर बघा तरी!" ते सीटवर वाकलेले. "बघतोय की," म्हणाले, "हितं टाका उसवलाय."

किन्नौरमध्ये रस्ता संपून खडी सुरू झाली आणि माझी सहनशक्तीही तिथेच संपत आली. दगड, धूळ, मध्येच वरून ओघळणारं पाणी. एका वळणावर दरड काढायचं काम चालू होतं म्हणून सगळी वाहनं थांबली होती. आमच्यापुढे एक टँकर होता. चालक पंजाबचा, वयानं चाचांएवढा. चाचांनी त्याला उगीचच विचारलं, "आप को कहाँ दुखता है?" त्या भल्या माणसानं खरंच सांगितलं. कंबर, डावी मांडी, माकडहाड. झालं! चाचांनी पिशवीतून ब्रेड कापायची सुरी काढली, आम्ही सोबत घेतलेला जादा फोम काढला आणि टँकरच्या केबिनमध्ये चढले. रस्ता मोकळा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, टँकर बाजूला घेतला गेला आणि चाचा आतच. फोमचे पांढरे तुकडे खिडकीतून उडून दरीत जात होते. मी खाली उभा राहून ओरडलो, "चाचा, अंधार पडायच्या आत गावात पोचायचंय!" आतून आवाज आला, "गाव काय पळून चाललंय व्हय रं?" दोन तास गेले. त्या चालकानं उतरून चाचांना मिठी मारली, हे खरं. पण पुढचा घाट अंधारात माझ्या वाट्याला आला, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी नाको गावाच्या चढावर मी मागे बसलो होतो आणि चाचा चालवत होते. मध्येच, तास झालेला नसताना, त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून एका दगडावर बसले. थंडीनं माझे दात वाजत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. उजव्या हातानं ते डावा खांदा चोळत होते. मी विचारलं, "चाचा, काय होतंय?"

"काय न्हाई. हवा पातळ हाय."

"दुखतंय का?"

"ठीक हाय रं."

जगाला कुठं दुखतंय विचारणारा हा माणूस मला ठीक आहे म्हणत होता. मला तेव्हाच तडकायला हवं होतं, ते गिऱ्हाइकांवर तडकायचे तसं. मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

काझा हे स्पितीतलं मोठं गाव. तिथे दोन दिवसांनी फोनला रेंज आली आणि पहिला मेसेज आला तो वर्गमित्राचा. निकाल लागला होता. गणित आणि भौतिकशास्त्र, दोन विषयांत मी नापास. धर्मशाळेसारखी एक खोली आम्ही घेतली होती. तिच्या गच्चीवर मी जाऊन बसलो. चाचा मागून आले. मला काही लपवता येत नाही, म्हणजे समोरच्यानं नीट विचारलं तर येत नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आणि म्हणालो, आबांना कळलं तर ते मला परत बोलावतील. आमच्या वाडीत सगळे म्हणतच होते की शिकून काय होणार, पोरगं हातचं जाईल. आबा एकटे म्हणत होते की शिकू दे. आता त्यांना तोंड कसं दाखवू? "कुणाला बोलू नका चाचा, हात जोडतो."

चाचा माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "बरं. तुझं माझ्यापाशी. आता माझं तुझ्यापाशी ठेव." आणि त्यांनी सांगितलं. मिरजेच्या एका डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली होती. हृदयाच्या नळ्या तपासून घ्या, उशीर करू नका, असं बजावलं होतं. ही गोष्ट प्रवासाच्या दोन महिने आधीची! मी उठलोच. "आणि तुम्ही इथे आलात? उद्याच्या उद्या मागे फिरायचं. इथे दवाखाना आहे, आत्ता चला." ते म्हणाले, "पुढची खिंड बाकी हाय. सगळ्यात वाईट खडी तिथंच हाय." मी म्हणालो, मी चाचीला फोन करतो. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तुला शपथ हाय, कॉलेज. तुझ्या डिग्रीची शपथ."

मी म्हणालो, असली कसली शपथ?

"देवाची घातली आस्ती, पर ती लोकं दिवसातनं चारदा मोडत्यात. डिग्रीची मोडून दाखव."

वाचणाऱ्यांना हसू येईल. मला नाही आलं. दोन विषय राहिलेल्या मुलाला डिग्रीची शपथ घालणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात आधी कुणी डिग्री पाहिलेली नाही त्यालाच कळेल.

दोन दिवसांनी आम्ही खिंडीच्या पलीकडे उतरत होतो. त्याला रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं, नदीच्या पात्रातले गोटे तेवढे होते. एका ओढ्यात मी गाडी पाडली. पाणी गुडघाभर आणि बर्फासारखं. मी धडपडत उठलो, चाचांना ओढून बाहेर काढलं. त्यांचा श्वास लागला होता, ओठ निळसर दिसत होते. मला वाटलं, संपलं... आणि त्या माणसानं पहिलं काय विचारावं? "पडायच्या आधी बूड कुठं सरकलं तुझं? पुढं का मागं?" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडलो. "खड्ड्यात गेली तुमची सीट!" पण ते ऐकतच नव्हते. ओल्या सीटवर, पुढच्या कडेपाशी, बोट ठेवून ते बसले होते. "कॉलेज, गावलं! खडीवर माणूस बसत न्हाई रं, उचलून आपटतो. सगळा मार ह्या कडंवर. ही कड गोल पायजे, आन् आतनं मऊ." तीस वर्षांची चूक सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही, आणि इतका संतापही मला त्यानंतर आलेला नाही.

सांगलीला परत आल्यावर त्यांची ती गोल कड फार गाजली. साताऱ्याच्या त्या तरुणाची सीट त्यांनी फुकट शिवून दिली. आणि दवाखाना? तो बकरी ईदनंतर, मग गणपतीनंतर, मग दिवाळीची गर्दी संपल्यावर, असा पुढे जात राहिला. मी जिन्यावरून उतरताना हळूच विचारायचो, "गेलात का?" ते मशीन न थांबवता एक बोट ओठांवर ठेवायचे आणि मग त्याच बोटानं माझ्या दप्तराकडे दाखवायचे. म्हणजे डिग्री. आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला मी घाबरतो आहे. शपथेमुळे मी गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मी चाचीला सांगितलं तर चाचा चिडून आबांना माझं सांगतील, ही भीती होती. त्यांची छाती आणि माझे दोन विषय एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसले होते आणि मी तराजू हलू दिला नाही. हिवाळ्यात मी परीक्षा पुन्हा दिली. भौतिकशास्त्र सुटलं. गणित राहिलं. फेब्रुवारीत एका दुपारी चाचा मशीनवरच कलंडले.

मागच्या रविवारी मी चाचीसमोर जाऊन बसलो. ती दुकानात रेक्झिनच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "चाची, मला माहीत होतं." सगळं सांगितलं. नाको, काझा, ओढा, शपथ. वाटलं, ती मला घराबाहेर काढेल. तिनं घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "रात्री उताणं झोपवत नव्हतं त्यास्नी. भिंतीला टेकून बसायचे. मला म्हणाले, पोराला कळू दिऊ नको, त्याचा अभ्यास बिघडंल. तुला तुझ्या आईची शपथ हाय."

"म्हणजे तुम्हालाही..."

"व्हय. तू वर गप, मी खाली गप. मधी एक जिना." आणि मग तिचा तोल गेला. "काय माणूस म्हणायचा ह्यो! सगळ्या दुनियेची दुखणी खडूनं लिवायची आन् आपलं दुखणं शपथा घालून वाटून टाकायचं! अर्धं तुला, अर्धं मला!" ती रडत होती आणि चिडतही होती. मला बरं वाटलं. निदान चिडणारा मी एकटा नव्हतो. डोळे पुसून ती म्हणाली, "तुझं ते गणित ऱ्हायलंय, घरी सांगितलंस?"

मी चमकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? त्यांनीच. दुसऱ्याचं काय पोटात ऱ्हायचं न्हाई त्यांच्या. सोताचं तेवढं ऱ्हायचं."

मी तिथेच, चाचांच्या जागेवर बसून आबांना फोन लावला. मशीनसमोरची ती जागा म्हणजे एक नुसती फळी आहे, दोन विटांवर टेकवलेली. आबा शेतात होते, वारा ऐकू येत होता. मी एका दमात बोललो. दोन विषय गेले होते, एक सुटला, गणित राहिलं, नऊ महिने लपवलं.

आबा म्हणाले, "म्हाईत हाय."

"कसं?" मी विचारलं.

"बशीरभाई आला ह्वता की श्रावणात. भर पावसात, गाडीवर. सांगलीवरनं. हितं पडवीत बसला, निथळत. म्हणला, पोरगं घाबरलंय, त्याला बोलावून घिऊ नका, ती परीक्षा परत देता येती. आन् म्हणला, त्यो आपनहून सांगंल तवर इचारायचं न्हाई. शपथ घातली मला."

"कशाची?"

"तुझ्याच डिग्रीची. दुसरी कसली घालणार त्यो?"

सांगली ते मेढा दीडशे किलोमीटर. श्रावणातला पाऊस, आणि ती छाती. माझं गुपित फोडायला तो माणूस तेवढं अंतर गेला होता. मला त्याचं गुपित फोडायला फक्त तेरा पायऱ्या उतरायच्या होत्या.

आबांनी विचारलं, "आजारी ह्वता का रं? बसला ह्वता तवा खांदा चोळत ह्वता. मी म्हणलं, काय दुखतंय का. तर म्हणला, ठीक हाय. तुला म्हाईत ह्वतं का?"

"व्हय," मी म्हणालो.

मग आबा म्हणाले, "चाचीला सांगितलंस?"

"सांगितलं. आत्ताच."

"मग तिच्यापाशी बस थोडा येळ. आन् त्या गणिताला काय लागतंय ते बघ."

फोन ठेवला तेव्हा माझी पाठ आणि बूड दोन्ही दुखत होती. त्या फळीवर मी दहा मिनिटंही बसलो नव्हतो. मी चाचीला म्हणालो, "यावर एखादी गादी तरी शिवायची होती त्यांनी." ती म्हणाली, "मीच शिवली ह्वती. तीनदा. तिन्ही येळा त्यातला फोम काढून कुणाच्या तरी सीटमधी घातला." मग तिनं मशीनवरचा मापाचा टेप माझ्याकडे टाकला. "उठ. माप घे त्या फळीचं. आता मी बसणार हाय तिथं, आन् माझं दुखतंय. मी सांगतीया, लिवून घे, कुठं कुठं ते."